ब्रेक दाबला की पिकअप खालून गुणगुणते: डिस्क, ड्रम की जॉइंट?

कृष्णाकाठ (तासगाव) | रविवार, सकाळी ८:१०

आधी गाडीची माहिती देतो. सव्वा टनी पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), दोन तुकड्यांचा जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) आणि मधे त्याला आधार देणारं सेंटर बेअरिंग. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. टायर २१५/७५ आर १५. चाललेली २ लाख ५ हजार किमी.

त्रास असा: ताशी ६५-७० ला ब्रेक हलका दाबला की ६० ते ४५ च्या दरम्यान सीटखालून आणि फरशीतून घुंऽऽ अशी थरथर येते. स्टेअरिंग शांत, पेडलही शांत. ब्रेक सोडला की दोन सेकंदांत थांबते. गाडी रिकामी असली की जास्त, टनभर माल असला की बरीच कमी.

पॅड नवीन आहेत, डिस्क दोनदा लेथवर मारून झाल्या, चारही चाकं बॅलन्स केलेली. फरक शून्य. हंगामाआधी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातलेला आहे, त्याचा संबंध असेल तर तेही सांगा.

माझं म्हणणं एवढंच की ब्रेकवर थरथर म्हटलं की आपल्याकडे सरळ डिस्क फिरवायला काढतात. नट खोलायच्या आधीच डिस्क, ड्रम आणि जॉइंट वेगळे ओळखायची रीत हवी आहे. आता द्राक्षाचं गिऱ्हाईक सुरू होईल. पेट्यांना रात्रभर अशी थरथर बसली की घडाचे मणी गळतात, आणि मणी गळलेल्या पेटीला बाजारात कुणी विचारत नाही.


घाटवाट (वाई) | रविवार, सकाळी ९:०२

स्टेअरिंग हलतंय, पेडल पायाला ठोके देतंय की बसायची जागा थरथरतेय, ही पहिली चाळणी. स्टेअरिंग हललं तर पुढची बाजू. पेडलला ठोके आले तर डिस्कची जाडी कमीजास्त किंवा ड्रम लंबगोल. दोन्ही शांत आणि नुसती फरशी थरथरते, तर मागची बाजू किंवा जॉइंट. तुमचं वर्णन तिसऱ्यात बसतं.

दुसरी चाळणी हँडब्रेकची. मोकळा सरळ रस्ता, मागे गाडी नाही, वेग ५०. हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि दांडा हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाही, चाक जाम व्हायला लागलं तर लगेच ढिला करता आला पाहिजे. अशाने फक्त मागचे ड्रम लागतात. थरथर आली तर पुढच्या डिस्क संशयातून सुटल्या. हँडब्रेक मागच्या ड्रमवरच आहे ना हे मात्र आधी बघा. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या मागे जॉइंटवर असतो, तिथे ही तपासणी चालत नाही आणि चालत्या गाडीत करायचीही नाही.


लेथवाला (मिरज) | रविवार, सकाळी ९:४०

हँडब्रेकवर थरथर आली की ड्रम काढा. दोन लाखांच्या पुढे गेलेल्या गाडीचे ड्रम सरळ असणं अवघड आहे.

ड्रमचा आतला व्यास चार ठिकाणी मोजा, दर ४५ अंशांवर. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ड्रम लंबगोल झालाय. गाडी घाट उतरून आली, ड्रम तापलेले, आणि तशीच हँडब्रेक ओढून उभी केली की दोन लाईनरच्या (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) दाबाखाली गार होताना ड्रम लंबगोल होतो. कमाल व्यास ड्रमवरच ओतलेला असतो, लेथवर मारताना त्याच्या आत राहायचं. आणि ड्रम बाहेरच्या कडेला धरून मारू नका, हबवर बसतो त्या भोकावर सेंटर काढा. बाहेरची कड ओतीव असते, तिला धरून मारलेला ड्रम गाडीवर चढवला की परत वेडावाकडा.

आत निळसर काळे डाग दिसले तर तो ड्रम सोडून द्या. तापून आणि पटकन गार होऊन तिथलं बीड (ओतीव लोखंड) कडक झालेलं असतं. लेथचं टूल त्या डागावरून घसरतं, आजूबाजूचं कापतं, आणि डाग उंचवट्यासारखा राहतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.


मोजपट्टी | रविवार, दुपारी १२:१५

घाटवाट यांची हँडब्रेकची रीत बरोबर आहे, पण तिचं उत्तर "पुढे की मागे" एवढंच आहे. "ड्रम की जॉइंट" हे तिच्यातून कळत नाही. का ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा पैसा जातो.

मागच्या चाकाला ब्रेक लागला की लाईनर ड्रमला धरतात आणि ड्रम लाईनरना आपल्या फिरण्याच्या दिशेने ओढतो. लाईनर बसलेत बॅक प्लेटवर, बॅक प्लेट हौसिंगला (मागच्या ॲक्सलचं कवच). म्हणजे अख्खं हौसिंग चाकाच्या दिशेने पुढे वळू बघतं आणि पिनियनचं (हौसिंगमधला गिअर, ज्याला जॉइंट जोडलेला असतो) नाक खाली जातं. त्याला अडवतात फक्त पाटे आणि पाटे हौसिंगला आवळून धरणारे यू बोल्ट. पाटे इंग्रजी एससारखे मुरडतात, जॉइंटचा कोन बदलतो. ब्रेकचा आणि जॉइंटचा असा थेट संबंध आहे. पायाने दाबा की हाताने ओढा, मागचे लाईनर लागले की नाक खाली जाणारच. त्यामुळे जॉइंटचा दोषही हँडब्रेकवर तस्साच दिसतो.

आता नट न खोलता ओळखायची रीत. थरथर मोजायची.

तुमच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतं. हौसिंगचं रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंटचे फेरे) ४.१ धरलं तर जॉइंट सेकंदाला ३१ फेरे. आणि क्रॉस (जॉइंटचे तुकडे एकमेकांना जोडणारा सांधा) कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो, म्हणजे ६२.

तर ६० च्या वेगाला ७-८ ची थरथर, म्हणजे धडधड मोजता येईल अशी: डिस्क, टायर, हब. १५ ची: लंबगोल ड्रम, कारण लंबगोलाला दोन उंचवटे. ३१ ची: जॉइंटचा बॅलन्स, वाकलेला पाइप, फ्लँज (जॉइंट बोल्टने जोडायची चकती). ६२ ची: क्रॉसचा कोन. तुम्ही "घुंऽऽ" लिहिलंय, धडधड नाही. त्यावरूनच मला ड्रमपेक्षा जॉइंटचा संशय जास्त.

फोनमध्ये थरथर मोजणारं ॲप मिळतं. फोन फरशीवर घट्ट चिकटवा, सीटवर नको. सॅम्पलिंग, म्हणजे ॲपची मोजणी, सेकंदाला २०० च्या वर हवं. फोन १०० लाच थांबत असेल तर ६२ ची थरथर ३८ ला दिसू शकते आणि सगळा हिशोब चुकतो. तसं असेल तर ४० च्या वेगाला मोजा: चाक ५, ड्रम १०, जॉइंट २०, क्रॉस ४१.

रेशो माहीत नसेल तर हौसिंगखाली घोडे (जॅक स्टँड) लावून दोन्ही मागची चाकं उचला, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड. दोन माणसांनी दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोबर १० फेरे फिरवायची. तिसऱ्याने जॉइंटवर खडूची खूण करून फेरे मोजायचे. ४१ आले की रेशो ४.१.


उसाचा फड | रविवार, दुपारी १२:५०

मोजपट्टी, हे लई भारी काम केलंत. सेव्ह करून ठेवलंय.


बेदाणा | रविवार, दुपारी २:३०

क्लच दाबून ब्रेक मारून बघितलंत का? किंवा न्यूट्रल करून? त्याने जॉइंट सुटतो की.


मोजपट्टी | रविवार, दुपारी ३:०५

@बेदाणा, नाही सुटत. न्यूट्रलमध्ये सुद्धा चाकं जॉइंटला फिरवतच असतात, तेवढ्याच वेगाने. त्या तपासणीने सुटतं ते इंजिन, क्लच प्लेट आणि इंजिनची माउंटिंग. क्लच दाबल्यावर थरथर गेली तर तुटलेलं रबर माउंटिंग शोधा, राहिली तर क्लचच्या मागे बघा. उतारावर न्यूट्रल करून बघू नका आणि इंजिन तर बंद करूच नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपला की पेडल दगडासारखं होतं.


पाटे-कमान (कराड) | रविवार, रात्री ८:२०

जादा पाटा वाचला आणि थांबलो. तिथंच बघा पहिलं.

पाटा घालताना यू बोल्ट खोलले असणार. जुनेच परत लावले का? एकदा ताणलेला यू बोल्ट परत तेवढी पकड धरत नाही. आणि पाट्याची थप्पी जाड झाली म्हणजे यू बोल्ट लांब लागतो. जुना आखूड बोल्ट कसाबसा बसवला तर नटात पुरते आटे येत नाहीत. खाली झोपून बॅटरी मारा. यू बोल्टच्या प्लेटला आणि पाट्याला जिथं चिकटायचं तिथं तांबूस भुकटी किंवा चकाकी दिसली तर तिथं हालचाल होतेय. घट्ट बसलेली जागा मळकट असते, चकाकत नाही.

पाट्यांची थप्पी मधोमध धरणारा सेंटर बोल्टही बघा. तुटला असेल तर हौसिंग एका बाजूला मागे सरकतं. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा, स्टेअरिंग सरळ ठेवून. ५ मिमीच्या वर फरक म्हणजे गडबड.

अजून एक. हौसिंगच्या गादीच्या (पाटा बसतो ती जागा) आणि पाट्याच्या मधे तिरकी पट्टी असते काही गाड्यांना, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पाटे खोलताना ती पडते, जमिनीवर राहते, आणि तिच्याशिवाय गाडी जुळते. दिसायला काही कमी दिसत नाही. पण पिनियनचं नाक तेवढ्या कोनाने खाली जातं.


पाचगणी रोड | रविवार, रात्री ९:१५

थोडं विषयांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. स्ट्रॉबेरी भरून पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की स्टेअरिंग ब्रेकवर डुगडुगतं, ७०-८० ला. सकाळी वर चढताना काही नसतं. डिस्क वाकल्या का?


लेथवाला (मिरज) | रविवार, रात्री ९:४८

@पाचगणी रोड, डिस्क सहसा वाकत नाही, जाडी कमीजास्त होते. घाट उतरल्यावर डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात असते, आणि खाली आल्यावर चौकात पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा माल डिस्कवर एका जागी छापला जातो. पुढच्या ब्रेकला तो ठसा पॅडखाली आला की झटका. ठसा जास्त तापतो, म्हणून वाढत जातो.

मायक्रोमीटरने जाडी ८ ठिकाणी मोजा, बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत, सगळीकडे तेवढंच आत. ०.०२ मिमीचा फरकसुद्धा पेडलला कळतो. मग डायल गेज. डिस्क चाकाच्या नटांनी घट्ट आवळलेली हवी, आणि आधी हबच्या बेअरिंगचा खेळ काढा, नाहीतर गेज बेअरिंगचा खेळ दाखवतं. फिरताना ०.१ मिमीच्या आत काटा हलला पाहिजे. जास्त हलला तर डिस्क काढून हबचा फेस घासा. डिस्क आणि हबमध्ये गंजाची एक खपली राहिली की डिस्क तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, आणि दोन-चार हजार किमीत जाडी खाऊन टाकते. लेथवर मारून आणलेली डिस्क महिन्याभरात परत डुगडुगते त्याचं कारण हेच. हब कुणी घासतच नाही.

गनने नट आवळणंही बंद करा. समोरासमोरचे नट दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडा मॅन्युअलमधला.


घाटवाट (वाई) | सोमवार, सकाळी ७:३०

लेथवाल्यांना जोड: घाटात सारखा पाय ब्रेकवर ठेवायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरायचं, ब्रेक थोडा वेळ जोरात आणि मग पूर्ण सोडून. खाली आल्यावर दोन किमी ब्रेक न लावता हळू चालवा, डिस्क गार होऊ द्या, मग थांबा. नवीन पॅडला ६० वरून १० पर्यंत दहा-बारा मध्यम ब्रेक द्यायचे, मधे अंतर ठेवून, एकदाही पूर्ण न थांबता. मगच माल भरायचा.


कृष्णाकाठ (तासगाव) | मंगळवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. आकडे आणलेत.

हँडब्रेकवर थरथर येते. क्लच दाबून फरक नाही. रेशो मोजलं, ४१ फेरे आले, म्हणजे ४.१. फोनचं ॲप १०० लाच थांबतं, म्हणून ४० च्या वेगाला ब्रेक लावून मोजलं. सगळ्यात मोठा उंचवटा ४१ ला. १० ला जवळजवळ काही नाही. २० ला थोडासा.

यू बोल्टची प्लेट बघितली. उजव्या बाजूला तांबूस भुकटी आहे. सेंटर बोल्ट शाबूत, दोन्ही बाजूंच्या टेपमध्ये २ मिमी फरक. तिरकी पट्टी दोन्ही बाजूंना नाही. मुळात होती का ते कळायला मार्ग नाही.


लेथवाला (मिरज) | मंगळवार, रात्री ९:०५

१० ला काही नाही म्हणजे ड्रम नाही. माझा अंदाज मागे घेतो. तरी पाटे खोलाल तेव्हा ड्रम काढून लाईनरवर हौसिंगचं तेल किंवा ब्रेक ऑइल नाही ना बघा. एका बाजूचा लाईनर तेलाने माखला की ब्रेक आधी घसरतो, मग एकदम धरतो, आणि पाटे दुप्पट मुरडतात.


रानवाट | मंगळवार, रात्री ९:२०

सेंटर बेअरिंगही बघून घ्या. हाताने जॉइंट वर-खाली हलवा. रबर फाटलं असेल तर बेअरिंग कड्यात आपटतं. आणि ते बदलताना खालच्या चकत्या होत्या तेवढ्याच परत लावायच्या, एकही कमी-जास्त नाही.

जॉइंटच्या सरकत्या स्प्लाइनला (दातेरी सांध्याला) ग्रीस आहे का? ती कोरडी असली की ब्रेकवर गाडीचा मागचा भाग उचलला जाताना जॉइंट लांब व्हायला बघतो, स्प्लाइन अडकते, आणि सगळा ताण सेंटर बेअरिंगवर. थांबताना शेवटी "टक" असा आवाज येत असेल तर हेच.


मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०:१०

४१ म्हणजे क्रॉसचा कोन, यात आता शंका नाही. बॅलन्सचा दोष असता तर २० ला उंचवटा मोठा असता. जॉइंट खोलून बॅलन्सिंगला पाठवायचा खर्च वाचला.

आता कोन मोजा. लोहचुंबकवालं डिजिटल अँगल गेज घ्या. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं जमिनीवर, रिकामी. जॅकवर मोजलेला कोन काही कामाचा नाही, कारण पाट्यावर वजन नसतं. चार आकडे हवेत: गिअरबॉक्सचा फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट (जॉइंटचे दोन तुकडे), पिनियनचा फ्लँज. पाइपवरचा चिखल खरवडून काढा, गेज सगळीकडे गाडीच्या एकाच बाजूने धरा. मागचं टोक खाली असेल तितके अंश लिहा.

मग हेही बघा: खूण जुळलेली आहे का. दोन्ही शाफ्टच्या सरकत्या सांध्यावर बाण किंवा पंचची खूण असते. एक दात जरी चुकला तरी क्रॉस एकमेकांचे झटके पुरते खाऊन टाकत नाहीत.

ब्रेकवर नाक किती खाली जातं ते उभ्या गाडीत बघता येतं. पुढच्या चाकांच्या मागे मोठे दगड घट्ट लावा, गाडी मागे भिंतीला जवळ नको, मागे कुणी उभं नको. रिव्हर्स टाका, क्लच अर्धा सोडा, क्षणभर ताण द्या. रिव्हर्सचा ताण हौसिंगला ब्रेकच्याच दिशेने वळवतो. बाजूला जमिनीवर फोन ठेवून पिनियनच्या फ्लँजचा व्हिडिओ घ्या, शेजारी उभी पट्टी.


पाटे-कमान (कराड) | मंगळवार, रात्री १०:३०

हँडब्रेक ओढूनच करा हे. गाडी मागं आली तर?


मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०:४५

@पाटे-कमान, काळजी रास्त आहे, पण हँडब्रेक ओढला तर काहीच दिसणार नाही. जॉइंट चाक फिरवू बघतो त्याचा उलटा ताण हौसिंगवर, आणि ड्रमने चाक धरलं त्याचाही ताण हौसिंगवर, पण विरुद्ध दिशेने. दोन्ही एकमेकांना खातात आणि नाक हलतच नाही. पायाच्या ब्रेकचंही तेच. म्हणून चाक जमिनीनेच अडवलं पाहिजे. दगड मोठे घ्या, उतारावर करू नका, क्लच हळू.


कृष्णाकाठ (तासगाव) | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

मोजले. गिअरबॉक्स ३.०, पुढचा शाफ्ट ३.५, मागचा शाफ्ट ८.०, पिनियन २.०. सगळे मागे उतरते.

टनभर माल ठेवून मागचा शाफ्ट ५.०, बाकी तसंच.

रिव्हर्सच्या ताणावर फ्लँज ८ मिमी खाली गेला. चाकाच्या मध्यापासून फ्लँज ३०० मिमी आहे.

खुणा जुळलेल्या आहेत. सेंटर बेअरिंगचं रबर ठीक. स्प्लाइन कोरडी होती, ग्रीस मारलं. क्रॉसच्या निप्पलमधून ग्रीस मारल्यावर चारपैकी तीन टोप्यांतून (क्रॉसच्या टोकांवरच्या) बाहेर आलं, मागच्या क्रॉसच्या एका टोपीतून येत नाही.


मोजपट्टी | गुरुवार, रात्री ८:३०

आता सगळं जुळतं. हिशोब मांडतो.

मधल्या क्रॉसचा कोन ८.० वजा ३.५, म्हणजे ४.५ अंश. पिनियनच्या क्रॉसचा ८.० वजा २.०, म्हणजे ६.०. हे दोन कोन सारखे असले की एकाचा झटका दुसरा खातो. फरक १ अंशाच्या आत हवा, तुमच्याकडे १.५.

पण नुसता फरक बघून चालत नाही, कारण झटका कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा वर्ग ३६, साडेचारचा २०.२५, वजाबाकी १५.७५, त्याचं वर्गमूळ जवळपास ४. हा आकडा ३ च्या आत राहिला तर फरशीला कळत नाही. म्हणजे ब्रेक न लावताही थोडी थरथर असणार, इंजिनच्या आवाजात लपत असेल.

३०० वर ८ मिमी म्हणजे दीड अंश. ब्रेक लागला की पिनियनचा क्रॉस ६.० वरून ७.५ वर जातो. ५६.२५ वजा २०.२५, मूळ बरोबर ६. म्हणून ब्रेकवर घुंऽऽ.

माल भरल्यावर मधला कोन १.५, पिनियनचा ३.०, ब्रेकवर ४.५. २०.२५ वजा २.२५, मूळ ४.२. रिकाम्या गाडीपेक्षा बरीच कमी, पण आहेच. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हेच लिहिलं होतं.


पाटे-कमान (कराड) | गुरुवार, रात्री ९:००

पण पाट्याच्या गाडीला नाक अंशभर खालीच ठेवतात. ॲक्सिलरेटर दिला की नाक वर येतं आणि सरळ होतं. सगळं सरळ करून ठेवलं तर ओढताना बिघडेल.


मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९:२५

@पाटे-कमान, रास्त मुद्दा. पण त्यात यू बोल्ट घट्ट आणि पाटे ताठ आहेत हे गृहीत आहे. इथे हौसिंग दोन्हीकडे दीड अंश डोलतंय. एका बाजूला सोय केली की दुसऱ्या बाजूला तितकीच गैरसोय. आधी डोलणं कमी करा, मग नाक कुठे ठेवायचं ते ठरवा.


पाटे-कमान (कराड) | गुरुवार, रात्री ९:५०

मान्य. मग असं करा. चारही यू बोल्ट नवे, लांबी थप्पीला धरून, नटाच्या बाहेर तीन-चार आटे दिसले पाहिजेत. दीड अंशाची तिरकी पट्टी दोन्ही बाजूंना. तुमचे पाटे हौसिंगच्या वर असतील तर जाड बाजू मागे, म्हणजे नाक वर येतं. पाटे हौसिंगच्या खाली असतील तर उलट, जाड बाजू पुढे. पट्टी पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची मालाच्या गाडीत फुटते. सेंटर बोल्टचं डोकं गादीच्या भोकात नीट बसलं पाहिजे, पट्टी जाड असेल तर लांब बोल्ट.

यू बोल्ट आवळताना गाडीचं वजन पाट्यावर हवं, लोंबकळत नको. नट तिरपे-समोरचे, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कला. माल भरून ५०० किमी झाले की परत आवळा. पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतातच, यात कारागिराची चूक नसते.


रानवाट | गुरुवार, रात्री १०:०५

चौथ्या टोपीतून ग्रीस येत नाही तो क्रॉस बदलूनच टाका. काढल्यावर हातात फिरवून बघा, मध्यावर आला की "खट" करून अडकतो का. अडकला म्हणजे टोपीतल्या बेअरिंगच्या सुयांनी खाचा पाडल्यात. फ्लँज सोडायच्या आधी दोन्हीकडे पंच मारा, जसा होता तसाच परत. बोल्ट १०.९ ग्रेडचेच, साधा बोल्ट नको.


घाटवाट (वाई) | शुक्रवार, सकाळी ७:१०

एक राहिलंय, आणि ते घाटात जिवाशी येतं. मागे हौसिंग आणि चासीच्या मधे लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी असेल. जादा पाट्याने गाडीची मागची बाजू उंच झाली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. माल भरलेला असतानाही. मग सगळा भार पुढच्या डिस्कवर. तुमच्या डिस्क दोनदा लेथवर गेल्या त्याचं एक कारण हेही असू शकतं. दांडी अंदाजाने वाकवू नका. मॅन्युअलच्या मापाने, दाब मोजायचं गेज लावून सेट करून घ्या.


बेदाणा | शुक्रवार, सकाळी ८:००

@पाचगणी रोड, हे तुमच्यासाठीही. तुम्ही पाटा वाढवलाय का?


पाचगणी रोड | शुक्रवार, सकाळी ११:३५

हो, मागच्या वर्षी. दांडीला हात लावलेला नाही. हब घासून डिस्कची जाडी मोजतो आणि दांडीही बघून घेतो.


कृष्णाकाठ (तासगाव) | पुढचा बुधवार, रात्री ८:००

काम झालं. यू बोल्ट चारही नवे, दीड अंशाची पोलादी पट्टी जाड बाजू मागे, मागचा क्रॉस नवा. जुना क्रॉस मध्यावर अडकत होता, सुयांच्या खाचा नखाला लागत होत्या. ड्रम काढून बघितले: कोरडे, चार ठिकाणचा फरक ०.०४. जुन्या यू बोल्टच्या दोन नटांत जेमतेम निम्मे आटे होते.

आता पिनियन ३.४, बाकी तेच. रिव्हर्सच्या ताणावर फ्लँज ३ मिमी जातो, आधी ८ जात होता.

रिकाम्या गाडीत ६० वरून ब्रेक: फरशी शांत. ७५ च्या वर अगदी बारीक गुणगुण राहिली आहे. ४० च्या वेगाला ॲपवर ४१ चा उंचवटा आधीच्या चौथाईपेक्षा कमी.


मोजपट्टी | पुढचा बुधवार, रात्री ८:४०

पिनियनचा क्रॉस आता ४.६, मधला ४.५, ब्रेक न लावता जवळपास शून्य. ब्रेकवर ३ मिमी म्हणजे ०.६ अंश, ५.२ होतो. २७ वजा २०.२५, मूळ २.६. तीनच्या आत आलं.

वरची बारीक गुणगुण मागचा शाफ्ट ८ अंशांत उतरतोय म्हणून. कोन सारखे असले तरी साडेचार अंश जास्तच, क्रॉस लवकर झिजतात. दर ५००० किमीला ग्रीस मारा. सेंटर बेअरिंगखाली चकत्या घालून तो कोन कमी करता येतो, पण त्याने पुढच्या शाफ्टचाही कोन बदलतो आणि तिन्ही क्रॉसचा हिशोब परत मांडावा लागतो. हंगाम संपल्यावर जादा पाटा काढणार असाल तर तिरकी पट्टी तशीच ठेवू नका, चारही कोन परत मोजा.


कृष्णाकाठ (तासगाव) | पुढचा बुधवार, रात्री ९:०५

पाटा मेमध्ये काढणार, तेव्हा मोजून इथेच आकडे टाकतो. व्हॉल्व्हची दांडी शनिवारी सेट करून घेतोय. यू बोल्ट ५०० ला आवळायचे म्हणून डॅशबोर्डवर किमीचा आकडा चिकटवलाय.